दमा म्हणायला एवढं का घाबरता? वाचकांची पत्रं आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात या सदराखाली एकच ओळ छापली होती, "दम्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा". पत्रं आली, त्याहून जास्त व्हॉट्सअ‍ॅपवर आली, आणि वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली की निम्म्याहून जास्त लोकांनी दमा हा शब्दच लिहिलेला नाही. "अ‍ॅलर्जीचा खोकला आहे", "छाती भरते", "हवा बदलली की जरा त्रास", "लहानपणी बाळदमा होता पण आता नुसती धाप लागते". मला हे नवीन नाही. मला स्वतःला सहावीपासून दमा आहे आणि आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात तो कॉलेज संपेपर्यंत "हिची छाती नाजूक आहे" एवढ्याच नावानं राहिला, आजी रात्रभर पाठीला उशा लावून बसवायची आणि सकाळी पाहुण्यांना सांगायची की पोरगी अभ्यासाला जागली. आज छातीची डॉक्टर आहे, पर्समध्ये पंप असतो, आणि तो बाहेर काढला की समोरचा पेशंटच दचकतो. असो. सगळी पत्रं घेता येत नाहीत, सात निवडलीत, दोन-चार बारक्या शंका मध्येच एकत्र केल्यात.

माझी मुलगी ७ वर्षांची आहे, दुसरीत. पाऊस सुरू झाला की रात्री दोन-तीनला उठून खोकत बसते, उलटी होईपर्यंत ढास थांबत नाही. दिवसा एकदम ठणठणीत, शाळेत पळते सुद्धा. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस सांगितलं आणि पंप लिहून दिला. सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरीला पंप लावला की जन्मभर सुटत नाही, त्यापेक्षा सिरप बरं. पंप आणून कपाटात ठेवलाय, अजून दिलेला नाही. — एक आई, कसबा बावडा

ताई, आधी कपाटातला पंप बाहेर काढा मग पुढचं वाचा.

रात्रीचा खोकला, पहाटे जास्त, पावसाळ्यात जास्त, दिवसा काही नाही, हे वर्णन दम्याचं आहे. तुमच्या डॉक्टरांनी दुसरं नाव वापरलं ते बहुतेक तुम्ही घाबरू नये म्हणून, आम्ही डॉक्टर लोक हे करतो, मीही केलंय, आणि त्याचा परिणाम असा होतो की आईबाप म्हणतात दमा नाहीये ना मग रोज औषध कशाला. एकदा सरळ विचारा, हा दमा आहे का? सात वर्षांची मुलगी फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, नीट करू शकते, तीही करून घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा, बरी असताना केली तर ती नॉर्मल येऊ शकते, आणि नॉर्मल आली म्हणजे दमा नाही असं होत नाही.

आता दिवसा ठणठणीत कशी ते सांगते. दमा म्हणजे नुसता अ‍ॅटॅक नाही. श्वासनलिकांचं आतलं अस्तर सारखं थोडं थोडं सुजलेलं असतं, पोरगी खेळत असते हसत असते तेव्हासुद्धा. हातावर खरचटलेलं असताना कांदा-लसूण चटणी कालवायला घेतली तर काय होतं? धड कातडीला काही होत नाही, खरचटलेली पेटते. तसंच धूर, धूळ, गार हवा, सर्दीचा विषाणू हे सगळं आपल्या सगळ्यांच्या छातीत जातं, पण सुजलेली नळी चिडते, भोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ सुटतो आणि जागा अरुंद होते. मध्यरात्री शरीरातलं नैसर्गिक स्टिरॉइड कमी झालेलं असतं म्हणून रात्री-पहाटे जास्त. म्हणून औषधंही दोन तऱ्हेची. एक आवळलेले स्नायू सोडवतं, साल्ब्युटामॉल, लोक त्याला निळा पंप म्हणतात, पाच-दहा मिनिटांत आराम आणि चार-सहा तासांत असर खलास. दुसरं सूज उतरवतं, ते म्हणजे श्वासातून घ्यायचं कमी डोसचं स्टिरॉइड, ते लगेच काही दाखवत नाही, दिवस-आठवडे जातात, पण खरं काम तेच करतं.

सासूबाईंचं सिरप. चमचाभर सिरपमध्ये, म्हणजे ५ मिलीत, साधारण २ मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल असतं, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम. पंपाच्या एका दाबात असतं १००. सिरप पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगात जातं, पोरीचे हात थरथरतात, छाती धडधडते, आणि त्यातलं थोडंसं छातीत पोचतं. पंपाचं थेट जिथं पाहिजे तिथं. आता तुम्हीच सांगा सौम्य कुठलं. आणि सवय लागत नाही हो, चष्म्याची सवय लागते का?

स्टिरॉइडनं उंची खुंटते का, हे तुम्ही विचारलेलं नाही पण मनात असणार. श्वासातल्या स्टिरॉइडनं पहिल्या एक-दोन वर्षांत उंची साधारण एक सेंटिमीटरनं मागं राहू शकते, तो फरक पुढं वाढत जात नाही. रात्र रात्र न झोपलेलं पोरगं वाढतं कसं याचाही हिशेब सासूबाईंना सांगा. बाळदम्याची बरीच पोरं वयात येता येता सुधारतात, काहींचा दमा मोठेपणी परत येतो, आत्ता कुणी खात्रीनं सांगू शकत नाही.

पंप थेट तोंडात देऊ नका, स्पेसर घ्या, तो प्लॅस्टिकचा फुगीर नळा. पंप हलवायचा, एक दाब, पाच-सहा सावकाश श्वास, मग दुसरा दाब. दोन दाब एकदम मारायचे नाहीत. स्टिरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यायचा, फडक्यानं पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं.

आणि घर. बावड्यात २०१९ आणि २०२१ ला किती घरांत पाणी शिरलं होतं तुम्हाला माहीत आहे, तशा भिंती पावसाळ्यात परत ओल धरतात, कोपऱ्यात काळी बुरशी दिसते का बघा, पोरीचा पलंग त्या भिंतीपासून लांब घ्या. कापसाच्या गादीत उशीत धुळीचे किडे असतात, डोळ्याला दिसत नाहीत, दमट हवेत फोफावतात, चादरी उशीचे अभ्रे आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवा. डासांची कॉइल मात्र आजच बंद. एक कॉइल पूर्ण जळाली की ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण हवेत सोडते असं मोजलेलं आहे, आणि आपण ती पोरांच्या पलंगाखाली ठेवतो! मच्छरदाणी लावा.

मी १९ वर्षाचा, शाहूवाडीकडचा, इथं तालमीत राहतो. पहाटे रंकाळ्याला रनिंग झाली की नंतर छातीतून शिट्टी वाजते, खोकला सुटतो. मातीत कमी होतं, मॅटवर अजून कमी. वस्ताद म्हणतात दमाचं पोरगं कुस्ती करत नाही, घरी जा. मित्र म्हणतो पंप घेतला तर डोपिंगमध्ये सापडशील. लई टेन्शन आलंय. — पैलवान, कोल्हापूर

पैलवान, गाठोडं बांधू नका एवढ्यात.

तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिलीय, रनिंग "झाली की नंतर". स्टॅमिना कमी असला की दम पळताना लागतो आणि थांबलं की दोन-तीन मिनिटांत उतरतो. व्यायामानं उठणारा दमा उलटा वागतो, थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी चढतो आणि अर्धा-एक तास रेंगाळतो. कारण सलग पळताना आपण तोंडानं भसाभस गार कोरडी हवा आत घेतो, नळ्या आतून कोरड्या पडतात आणि आवळतात. थंडीतली रंकाळ्याची पहाट त्याला अगदी फक्कड. कुस्तीत थोडा वेळ जोर, थोडा वेळ पकड, परत जोर, म्हणून कमी त्रास. मातीत मॅटपेक्षा जास्त होतं त्याला धूळ कारण असेल, आखाड्याच्या मातीत हळद ताक तेल लिंबू घालतात तेव्हा ती जरा बसते, पण कोरडी पडली की उडतेच. आखाडा उकरायच्या वेळी तुम्ही बाहेर थांबा, वस्तादांना सांगा, एवढं ते ऐकतील. आणि ऐकले नाहीत तर मला कळवा, मी त्यांच्याशी बोलते, आमचे आजोबा खासबागेत कुस्त्या बघायला सायकलवरून जायचे, वस्ताद लोकांशी कसं बोलायचं थोडंफार माहितीय.

करायचं काय. रनिंगच्या आधी दहा-पंधरा मिनिटं वॉर्मअप, मध्ये मध्ये छोट्या धावा, एकदम सुसाट नाही. असा वॉर्मअप केला की पुढचे दोन-तीन तास नळ्या कमी चिडतात. थंडीत तोंडावर मफलर. तपासून दमा पक्का निघाला तर सुजेवरचं औषध चालू होईल, आणि डॉक्टर सांगतील तसं व्यायामाच्या आधीचा पंप.

डोपिंग. मित्राची माहिती अर्धवट आहे. जागतिक नियमांप्रमाणे साल्ब्युटामॉल पंपातून घ्यायला परवानगी आहे, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही, म्हणजे १०० च्या पंपाचे सहा दाब. श्वासातलं स्टिरॉइड ठरलेल्या डोसमध्ये चालतं. चालत नाही ते साल्ब्युटामॉलची गोळी, सिरप, इंजेक्शन. आणि खरा सापळा कुठं आहे माहितीय का, खोकल्याच्या साध्या बाटलीत! आपल्याकडच्या बऱ्याच कफ सिरपमध्ये टर्ब्युटॅलिन असतं आणि ते बंदी असलेल्या यादीत आहे. मेडिकलवाल्यानं दिलं म्हणून स्पर्धेच्या आधी बाटली तोंडाला लावली आणि सापडला, तर कुणी ऐकून घेणार नाही. लेबल वाचा, स्पर्धेच्या डॉक्टरांना आधीच लेखी सांगा, नाडाची, म्हणजे देशातल्या डोपिंगविरोधी संस्थेची, यादी दरवर्षी बदलते ती बघा.

वय ५४. पंचवीस सीझन गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालतोय. आता चार वर्षं झाली, चढ चढलो की धाप लागते, सकाळी कफ पडतो. बिडी होती, दोन वर्षांपूर्वी सोडली. गावातले डॉक्टर इंजेक्शन देतात, दोन दिवस बरं वाटतं. हा दमाच का? — करवीर तालुका

मामा, बिडी सोडलीत हे सगळ्यात मोठं औषध तुम्ही स्वतःच घेतलंत.

दमाच असेल असं मी म्हणणार नाही. दम्याचा माणूस एक दिवस वाईट एक दिवस चांगला असा हेलकावे खातो आणि मधल्या काळात अगदी धड असतो. तुमचं पन्नाशीला सुरू झालं, रोजच आहे, चढावर आहे, सकाळचा कफ आहे आणि पाठीमागं पंचवीस वर्षं चिपाडाचा धूर अधिक बिडी. ही चाल सीओपीडीची वाटते, त्यात नळ्या कायमच्या अरुंद होतात. दोन्ही एकत्रही असतात. फरक स्पायरोमेट्रीत कळतो, एकदा फुंकायचं, मग पंप देऊन पंधरा मिनिटांनी परत फुंकायचं, दुसऱ्या वेळी आकडा १२ टक्के आणि २०० मिली अशा दोन्ही मापांनी वाढला तर नळ्या सुटतायत, दमा असायची शक्यता जास्त. सीपीआरला, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्यात जा, नाहीतर जवळच्या छातीच्या डॉक्टरांकडे. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर बेडक्याची तपासणी आधी, टीबी आहे का बघायला, ती सरकारी दवाखान्यात फुकट होते.

अजून एक विचारते. साठवून ओलं राहिलेलं, बुरशी आलेलं चिपाड उपसायचं काम केलं की चार-सहा तासांनी थंडी ताप, अंगदुखी, कोरडा खोकला असं होतं का? तो वेगळाच आजार आहे, बगॅसोसिस म्हणतात, चिपाडाच्या बुरशीनं फुप्फुसाला येणारी सूज. होत असेल तर डॉक्टरांना हे वाक्य मुद्दाम सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही. आणि इंजेक्शनात काय असतं ते विचारा. स्टिरॉइड असेल आणि महिन्यातून दोन-तीनदा घेत असाल तर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, तोंड सुजतं. नुसत्या पांढऱ्या कागदातल्या, नाव नसलेल्या पुड्या कुणी देत असेल तर त्या तर अजिबात नको. पण पुष्कळ महिने घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवाव्या लागतात.

माझं लग्न ठरलंय, सुपारी फुटली, पुढच्या महिन्यात साखरपुडा. मला दमा आहे, कंट्रोलमध्ये आहे, रोज दोन वेळा पंप घेते. आई म्हणते सांगायचं नाही, लग्नानंतर बघू. मी चार महिने लपून पंप घेऊ शकेन का? आणि मुलं होताना काही प्रॉब्लेम येईल का? — उचगावहून

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

लपून पंप घेणाऱ्या बायकांचं पुढं काय होतं ते मी ओपीडीत बघते. सासरी बाथरूममध्ये जाऊन घ्यायचा, मग कधी राहून जातो, मग सणाच्या गडबडीत आठवडाभर नाहीच, मग फोडणीचा ठसका, मग रात्री दोनला अ‍ॅडमिट आणि तेव्हा सगळ्यांना एकदम कळतं, तेही सगळ्यात वाईट पद्धतीनं. तुझ्या आईला मी दोष देत नाही, तिनं तिच्या आयुष्यात जे बघितलंय त्यावरून ती बोलतेय. पण मुलाला तू स्वतः सांग, साखरपुड्याच्या आधी, आईमार्फत नाही मध्यस्थामार्फत नाही, रंकाळ्यावर भेळ खाताना पंप काढून दाखव. माझ्या नवऱ्याला मी असंच सांगितलं, तो म्हणाला हे एवढंसं? त्यानं काही वेगळंच ऐकायची तयारी केली होती.

मुलांचं. दमा असलेल्या बायकांची बाळंतपणं व्यवस्थित होतात. गरोदरपणात साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा सुधारतो, एक तृतीयांश जणींचा वाढतो, उरलेल्यांचा आहे तसा राहतो. बाळाला धोका पंपाचा नाही, आईचा श्वास कोंडला की बाळालाही ऑक्सिजन कमी पडतो, धोका तिथं आहे. दिवस गेले म्हणून भीतीनं पंप बंद करणं ही नेहमीची चूक, ती करू नको. मुलाला दमा येईल का, शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्त, ठरलेलं काही नाही.

चैत्र यात्रेला जोतिबाला गेले होते. गुलाल उधळायला लागले आणि माझा श्वासच अडकला. पंप घरी. लोकांनी आडवं झोपवलं, पाणी पाजलं, छातीला बाम चोळला, कुणी कांदा हुंगवला. देवानं वाचवलं म्हणायचं. परत जाऊ की नको? — वय ३८, शिवाजी पेठ

जावा की. पण अशा नाही.

वाडी रत्नागिरीला यात्रेत गुलालाचा ढग कसा असतो हे कोल्हापूरकराला सांगायला नको, घरी आल्यावर दोन दिवस नाकातून गुलाबी निघतं. बारीक कोरडी पूड, खोबरं, धूप, चेंगराचेंगरी, त्यात जोरात चांगभलं म्हणायचं. यात्रेच्या आधी महिनाभर तुमचं रोजचं औषध एक दिवसही चुकवू नका, मास्क लावा, गर्दीचा मुख्य दिवस सोडून दोन-चार दिवस मागंपुढं जा, देव तिथंच असतो.

पण खरं बोलायचंय ते अ‍ॅटॅकबद्दल, कारण आजूबाजूच्यांनी जे केलं त्यातलं जवळजवळ सगळं चुकीचं होतं, जीव लावून केलेलं असलं तरी. आडवं झोपवायचं नाही, बसवायचं, जरा पुढं झुकून, हात गुडघ्यावर. भोवतीची माणसं बाजूला, पदर दुपट्टा सैल. पाणी बळंच पाजायचं नाही. निळ्या पंपाचे चार दाब स्पेसरमधून, एका वेळी एक, प्रत्येकाला चार-सहा श्वास. वीस मिनिटांत उतरलं नाही तर परत, जास्त त्रास असेल तर दहापर्यंत दाब, असं पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी करता येतं, पण ते दवाखान्याच्या वाटेवर करायचं, घरात बसून नाही. स्पेसर नसेल तर पाण्याच्या अर्धा लिटरच्या रिकाम्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडा, पंप तिथं घट्ट बसवा आणि बाटलीच्या तोंडातून श्वास घ्या. हा जुगाड वाटेल पण तो तपासून बघितलेला आहे आणि चालतो.

आणि १०८ ला फोन कधी? वाक्य पुरं बोलता येत नाही, एकेक शब्द तोडून येतोय, ओठ निळे-काळे, मानेचे स्नायू ओढले जातायत, माणूस झोपाळू व्हायला लागलाय. एक गोष्ट फार फसवी आहे, आधी घरघर ऐकू येत होती आणि आता थांबली पण माणूस तसाच तडफडतोय, तर ते बरं वाटणं नाही, हवाच आत-बाहेर होत नाहीये म्हणून आवाज बंद झालाय. अशा वेळी फोन लावून मोकळं व्हा, वाट बघू नका.

आईचं वय ६८. दमा वीस वर्षं, पण कंट्रोल होता. गेल्या तीन महिन्यांत दोनदा अ‍ॅडमिट केलं. औषध तेच, घर तेच, काहीच बदललं नाही. फक्त डोळ्यांत काचबिंदू निघाला त्याचे थेंब चालू आहेत, ते सोडून काही नवीन नाही. — मुलगा, राजारामपुरी

"ते सोडून काही नवीन नाही", दादा, तेच नवीन आहे!

थेंबाच्या बाटलीवर टिमोलॉल लिहिलंय का बघा. ते बीटा ब्लॉकर आहे. डोळ्यात टाकलेला थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात, तिथून रक्तात जातो आणि छातीतल्या नळ्या आवळतो, थेंब एवढासा असला तरी दमेकऱ्याला पुरतो. आजच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करा, आईला दमा आहे एवढं सांगा, दुसऱ्या जातीचे थेंब मिळतात. पण स्वतःच्या मनानं बंद करू नका, काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. टिमोलॉल नसेल तर बाकीची कारणं शोधू, या मग.

याच जातीच्या गोळ्या, प्रोप्रॅनोलॉल वगैरे, मायग्रेनवर, हात थरथरण्यावर देतात, त्याही सांभाळून. आणि काही मोठ्या माणसांना, विशेषतः नाकात मांस वाढलेल्यांना, अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्यांनी तास-दोन तासांत जोराचा अ‍ॅटॅक येतो. एक चिठ्ठी करा, "मला दमा आहे", आणि ती दाताच्या डॉक्टरापासून डोळ्याच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांना दाखवा.

मध्येच बारक्या शंका उरकते. हैदराबादला मृगाच्या वेळी जिवंत मासा गिळवतात तिथं जाऊ का, असं दोघांनी विचारलंय, आणि एकानं कोजागिरीच्या रात्रीच्या औषधी खिरीबद्दल. याने दमा बरा होतो असा पुरावा नाही. जायचंच असेल तर पंप बंद करून जाऊ नका, एवढंच, कारण लोक तिथंच मरतात, म्हणजे माशानं नाही, औषध सोडल्यानं. केळी दही आंबट थंड, यानं बहुतेकांचा दमा वाढत नाही, तुमचा एखादा पदार्थ खाल्ल्यावर प्रत्येक वेळी वाढतच असेल तर तो सोडा, उगीच पोराचं सगळं तोडू नका. कट्ट्यावर समोर पिळून देतात ते म्हशीचं दूध प्यायलं तर कफ होतो का? दूध पिल्यावर थुंकी घट्ट लागते, छातीत कफ तयार होत नाही. पण धारोष्ण नको, तापवून प्या, त्याची कारणं दम्याशी संबंधित नाहीत.

रिक्षा चालवतो, वय ४५. दमा आहे पंधरा वर्षं. निळा पंप महिन्याला एक संपतो, मेडिकलमधनं घेतो, चिठ्ठी लागत नाही. पंप संपला कसा ओळखायचा? पाण्यात टाकून तरंगतो का बघतो पण अंदाज चुकतो. सकाळी गाडीला अगरबत्ती लावून सुरुवात करतो आणि रात्री अकराला बंद. — महाद्वार रोड स्टँड

पाण्यात टाकून कळत नाही. रिकामा झाला तरी गॅस राहतो, फुस्स आवाज येतो, औषध नसतं. आकडा दाखवणारा पंप मिळतो तो मागा, नाहीतर अंगावर मार्करनं सुरू केल्याची तारीख लिहा आणि मोजा, एका पंपात साधारण २०० दाब असतात.

पण मालक, तुम्ही चुकीचा प्रश्न विचारलाय. महिन्याला २०० म्हणजे दिवसाला सहा-सात. निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागला की दमा हाताबाहेर चाललाय असं आम्ही धरतो. वर्षाला तीन पंप लागले तरी मोठा अ‍ॅटॅक यायचा धोका वाढतो, आणि बाराला पोचलं की दम्यानं मरायचाच धोका वाढलेला असतो. तुम्ही बारावर आहात. तुम्हाला पंधरा वर्षं आराम मिळतोय, उपचार मिळालेला नाही, सूज तशीच आहे. म्हणूनच जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून सांगितलं की मोठ्या माणसांना नुसता निळा पंप देऊन भागवायचं नाही, सोबत श्वासातलं स्टिरॉइड पाहिजेच. आता असे पंप आहेत ज्यात फॉर्मोटेरॉल आणि स्टिरॉइड एकत्र असतं, तोच रोज घ्यायचा आणि त्रास झाला तर तोच जादा घ्यायचा, दोन पंपांची भानगड नाही. तुमच्यासारख्या दिवसभर बाहेर असणाऱ्याला ते सोयीचं. किती आणि कसा ते डॉक्टर ठरवतील, पण या आठवड्यात जावा, सीझन संपू दे नवरात्र होऊ दे असं नको.

जाताना घरातले सगळे पंप, गोळ्या, कॅप्सूल पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरसमोर पंप घेऊन दाखवा. लाजू नका, माझ्याकडं एक काका होते ते रोटाहेलरच्या, म्हणजे पावडर श्वासानं ओढायच्या पंपाच्या, कॅप्सूल सहा महिने पाण्याबरोबर गिळत होते, गुण येत नाही म्हणून डॉक्टर बदलत होते. गॅसचा पंप असेल तर श्वास सावकाश आणि खोल घ्यायचा, पावडरचा असेल तर जोरात खेचायचा, आणि दोन्हीत नंतर दहा सेकंद रोखायचा. लोक नेमकं उलटं करतात.

आणि ती अगरबत्ती. आरशाखाली, तोंडापासून हातभर अंतरावर, त्यातलं निम्मं तुमच्याच छातीत जातं. अंबाबाईच्या फोटोला फूल वाहा, चालतंय तिला.